नागिणीचे फोड जाऊन सात महिने झाले, बाबांना अजून अंगावर सदरा सहन होत नाही. अफूवर्गीय औषध सुरू करावं का?

अंगणातला_पारिजात

नमस्कार. लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझे बाबा ७६ वर्षांचे, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. आम्ही दत्तवाडीत राहतो. गेल्या गणपतीपर्यंत बाबा रोज पहाटे पर्वती चढून यायचे आणि येताना आईच्या पूजेसाठी फुलं आणायचे. गौरी जेवल्या त्या दिवशी त्यांची उजवी कूस दुखायला लागली. पित्त असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी स्नायू आखडला असेल म्हणून मी बाम चोळून दिला. विसर्जनाच्या दिवशी पाठीच्या कण्यापासून छातीपर्यंत पट्टा ओढल्यासारखे पाण्याचे फोड आले. आत्या गेरू घेऊन आली. "तोंड आणि शेपूट मिळू देऊ नका, माणूस जातो" असं म्हणाली, आणि त्या भीतीने बाबा रात्रभर आरशात बघत बसले. ज्या दवाखान्यात आधी नेलं तिथे ॲलर्जी समजून मलम दिलं. त्यात चार दिवस गेले. पुढे त्वचारोगाच्या डॉक्टरांनी बघताक्षणी नागीण म्हणून सांगितलं आणि ॲसायक्लोव्हिर सुरू केलं, पण हे औषध पुरळ आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालं तर सगळ्यात उपयोगी, हेही तेव्हाच कळलं. मी बाम चोळत बसले ते दिवस मला अजून आठवतात.

फोड महिन्याभरात सुकले. दुखणं राहिलं. आधी वाटलं कमी होईल हळूहळू. आता सात महिने झाले.

कसं दुखतं ते बाबांच्याच शब्दांत: वरून निखारा ठेवल्यासारखी आग, आणि मधूनच आतून करंट. घट्ट हात दाबून धरला तर बरं वाटतं, पण हलका स्पर्श अजिबात नको. गंजीफ्रॉक उलटा घालतात, शिवण टोचू नये म्हणून. आईने तिची जुनी मऊ पातळं फाडून त्यांना अंगावर घ्यायला दिलीत. एप्रिलच्या उकाड्यात पंखा बंद ठेवून बसतात, वारा लागला की आग होते. गेल्या महिन्यात माझ्या मुलाने मागून येऊन मिठी मारली, तर बाबा किंचाळले. नातू रडला, आणि थोड्या वेळाने बाबा आतल्या खोलीत जाऊन रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

औषधं: प्रीगॅबालिन ७५ रात्री दिलं, त्याने भिंत धरून चालायची वेळ आली, दोन आठवड्यांत बंद केलं. ॲमिट्रिप्टिलिन १० ने लघवी अडली (प्रोस्टेट आहे). लिडोकेनचे पॅच (कातडी बधिर करणाऱ्या चिकटपट्ट्या) लावले की थोडा फरक पडतो. आता पेन क्लिनिकच्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल किंवा ब्युप्रेनॉर्फिनचा आठवड्याचा पॅच सुचवलाय. दोन्ही अफूच्या जातीतली. माझा भाऊ नाशिकला असतो, तो फोनवर म्हणाला, "म्हातारपणी बाबांना अफू देऊन व्यसनी करणार का?" आणि बाबांनी ते ऐकलं. तेव्हापासून ते म्हणतात, दुखू दे, मला गर्दुल्ला करू नका.

कोणी घरात हे केलंय का? नसेच्या दुखण्यावर याचा खरंच उपयोग होतो का? पडायची, झापड यायची भीती किती? सवय लागली तर सुटते का? शनिवारी परत जायचंय.

---

कसब्यातली_सून

ताई, तुमचं वाचून मला माझ्या सासूबाई आठवल्या. तीच जागा, तीच बाजू, तेच उलटे ब्लाउज.

त्या ८१ वर्षांच्या. एका ठिकाणी त्यांना थेट ट्रॅमाडॉल ५० दिवसातून तीनदा लिहून दिलं. त्यांना आधीपासून उदासीसाठी सर्ट्रालिन चालू होतं. ते कोणी विचारलं नाही आणि आम्हाला सांगायचं असतं हे कळलं नाही. चौथ्या दिवशी हात थरथरायला लागले, घाम, डोकं भरकटल्यासारखं, मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारत होत्या. पहाटे मोरीत पडल्या. मनगट मोडलं. दवाखान्यात कळलं की या दोन गोळ्या एकत्र घातक ठरू शकतात, शिवाय रक्तातलं सोडियमही उतरलं होतं.

मी औषधाला विष म्हणत नाही. घरातल्या सगळ्या गोळ्या, अगदी होमिओपॅथीच्या आणि काढ्याच्या बाटल्यासुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर टेबलावर ओता. आम्ही तेव्हापासून तेच करतो. दुसऱ्या डॉक्टरांनी पुढे गॅबापेंटिन १०० पासून सुरू केलं, रात्री एक, मग दर चार-पाच दिवसांनी थोडं थोडं वाढवत. दोन महिने लागले. आता त्या ब्लाउज सुलट घालतात, इतकं सांगते.

मोरीत पकडायला दांडा बसवून घ्या, आजच. औषध कुठलंही ठरो.

---

बिबवेवाडीकर

माझे सासरे कॅन्सरने गेले फेब्रुवारीत. त्यांचे फेंटानिलचे तीन पॅच कपाटात तसेच पडलेत, सीलबंद. महाग असतात. तुम्हाला उपयोगी पडणार असतील तर दत्तवाडीत आणून देतो, पैसे नकोत.

---

भूलशास्त्र_निवृत्त

बिबवेवाडीकर, तुमची भावना मनापासूनची आहे म्हणून स्पष्ट लिहितो: ते पॅच कोणालाही देऊ नका. ज्याच्या शरीराला आधीपासून मॉर्फीनसारख्या औषधाची सवय आहे अशासाठीच फेंटानिलचा पॅच असतो. ताशी २५ मायक्रोग्रॅमचा एक पॅच म्हणजे दिवसाकाठी साधारण ६० ते ९० मिलिग्रॅम तोंडी मॉर्फीन. सवय नसलेल्या ७६ वर्षांच्या माणसाचा श्वास झोपेत मंदावून थांबू शकतो, आणि पॅच काढला तरी त्वचेखाली साठलेलं औषध कित्येक तास उतरत राहतं. जिथून आणले त्या रुग्णालयात परत नेऊन द्या. तोवर मुलांच्या हाती लागणार नाहीत असे कुलपात ठेवा.

आता पारिजात यांच्याकडे वळतो. मी भूलतज्ज्ञ होतो, शेवटची बारा वर्षं फक्त जुनाट दुखण्याचे रुग्ण पाहिले. पुण्यातच. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

आधी आत्याबाईंचं. नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या होतात पण तो जात नाही, मणक्याजवळच्या नसांच्या गाठींत अनेक वर्षं निपचित पडून राहतो. वयाने प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या गाठीतून उठतो आणि त्या एका नसेच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. नस कण्यापासून निघून एकाच बाजूने पुढे येते, म्हणून पट्टा बहुतेकदा मध्यावर थांबतो. तोंड-शेपूट मिळून माणूस मरतो ही निव्वळ भीती आहे, आणि या भीतीपायी लोक गेरू लावत बसतात व औषधाचे पहिले तीन दिवस हातचे जातात. तुम्ही बाम चोळला त्यात तुमचा दोष नाही. पुरळ यायच्या आधी नागीण ओळखणं डॉक्टरांनाही कठीण असतं.

विषाणू जाताना नस जाळून जातो. जळालेली नस उगाचच संदेश पाठवत राहते, आणि मज्जारज्जूत ते संदेश घेणाऱ्या पेशी इतक्या हळव्या होतात की कापडाचा स्पर्शसुद्धा मेंदूला भाजल्यासारखा कळतो. तीन महिन्यांपुढे हे टिकलं की त्याला नागिणीनंतरचं नसेचं दुखणं म्हणतात. क्रोसिन-कॉम्बिफ्लाम इथे जवळजवळ निकामी, कारण सूज हा मुळातला प्रश्नच नाही.

ओपिऑइडचा, म्हणजे अफूवर्गीय औषधाचा, उपयोग होतो का? होतो, पण बेताचा. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या राजा आणि सहकाऱ्यांनी २००२ साली याच दुखण्याच्या ७६ रुग्णांवर अभ्यास केला. प्रत्येकाला आळीपाळीने ओपिऑइड, ॲमिट्रिप्टिलिनच्या जातीचं औषध आणि नुसती खोटी गोळी दिली. १० पैकी मोजलेलं दुखणं ओपिऑइडने सरासरी १.९ ने उतरलं, दुसऱ्या औषधाने १.४ ने, खोट्या गोळीने ०.२ ने. तिन्ही टप्पे पुरे केलेल्यांपैकी ५४ टक्क्यांनी ओपिऑइड पसंत केलं. म्हणजे दुखणं पळत नाही, आठाचं सहा होतं. पण ज्याला आठ सहन करावं लागतंय त्याच्यासाठी सहा म्हणजे झोप असू शकते. हे आकडे काही आठवड्यांच्या वापराचे आहेत, वर्षानुवर्षांच्या वापराचे नाहीत.

म्हणून जागतिक शिफारशींत (२०१५ ची मज्जातंतूंच्या दुखण्यावरची) पहिल्या पायरीवर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ॲमिट्रिप्टिलिनची जात आणि ड्युलोक्सेटिनची जात. दुसरीवर लिडोकेनचे पॅच, तीव्र कॅप्सेसिनचे पॅच आणि ट्रॅमाडॉल. मॉर्फीन-ऑक्सिकोडोनसारखी जोरदार औषधं तिसरीवर.

मला तुमच्या पत्रात एकच गोष्ट खटकली. प्रीगॅबालिन ७५ ने सुरुवात आणि दोन आठवड्यांत बंद, याला 'औषध लागू पडलं नाही' म्हणता येत नाही. या वयात २५ ने सुरुवात करून, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघून, महिनाभरात वाढवत नेलं तर गरगरणं पुष्कळांना सोसवतं. शनिवारी पहिला प्रश्न हा विचारा: "पहिली पायरी आम्ही नीट चढलो का?" चढली नसेल तर आधी ती. चढून झाली असेल, किंवा ते सोसवतच नसेल, तर ओपिऑइडला नाही म्हणू नका. केवळ नावाला घाबरून माणसाला सात महिने जागं ठेवणं मला कधी पटलं नाही.

आता भावाच्या शंकेबद्दल. शरीराला सवय लागणं आणि व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही आठवडे घेतल्यावर एकदम थांबवलं तर घाम, जुलाब, बेचैनी होणारच, कोणालाही. म्हणून हळूहळू उतरवत बंद करतात. व्यसन म्हणजे दुखणं नसताना नशेसाठी, घर बुडालं तरी, घेत राहणं. तो धोका शून्य नाही. आधी दारूचं किंवा झोपेच्या गोळ्यांचं व्यसन असेल तर वाढतो, तसं असेल तर डॉक्टरांना सांगाच. पण लहान मात्रा, एकच डॉक्टर, गोळ्या तुमच्या ताब्यात आणि ठरलेली तारीख असेल तर वडिलांना गर्दुल्ला म्हणायचं कारण नाही. हे त्यांना माझ्याकडून सांगा.

जास्त काळजी पुढच्या गोष्टींची करा. पहिलं बद्धकोष्ठता. झापड, मळमळ आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते, ही मात्र ओसरत नाही. आपल्याकडे सगळे इसबगोल देतात, पण इथे आतडंच झोपलेलं असतं, भुसा जाऊन नुसता बसतो. सोनामुखीची (सेना) गोळी किंवा बायसाकोडिल पहिल्या दिवसापासून, गरज पडली तर लॅक्टुलोजसोबत. दुसरं, लघवी. प्रोस्टेट असताना ओपिऑइडनेही ती अडू शकते, बारा तास झाली नाही तर फोन करायचा. तिसरं, श्वास. गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन ओपिऑइडसोबत दिलं तर दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०१९ मध्ये त्याचा खास इशारा दिला, वृद्ध आणि दमेकरी त्यात पुढे. झोपेत विचित्र घोरत असतील, हाक मारून उठत नसतील तर वाट बघायची नाही. झोपेच्या गोळीची भर तर मुळीच नको.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत ट्रॅमाडॉल की पॅच? मूत्रपिंड थकलेलं असेल तर ब्युप्रेनॉर्फिन सोयीचं, आणि त्याचा ५ मायक्रोग्रॅमचा पॅच ही अगदी लहान सुरुवात आहे. पूर्ण परिणाम दिसायला तीन दिवस लागतात, पहिल्या रात्रीच निराश होऊ नका. एक कटाक्षाने पाळा: पॅचवर गरम पाण्याची पिशवी नाही, शेक नाही, उन्हात बसणं नाही. उष्णतेने औषध भराभर अंगात जातं. ताप आला तरी कळवा. आणि लिडोकेनचा पॅच कात्रीने कापून लावता येतो, हा कधीही कापायचा नाही.

कायद्याचं थोडक्यात. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फीन मिळणं फार अवघड केलं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन अशी सहा औषधं अत्यावश्यक ठरवून मान्यताप्राप्त रुग्णालयांना वाट मोकळी करून दिली. २०१८ पासून ट्रॅमाडॉलही त्या कायद्याखाली आहे. त्यामुळे दुकानदार चिठ्ठी मागेल, नोंद करेल. अपमान वाटून घेऊ नका. चिठ्ठीची प्रत जवळ ठेवा.

शेवटचं. सुरू करण्याआधी वडिलांनाच विचारा की काय जमलं म्हणजे औषध लागू पडलं म्हणायचं. 'दुखणं जाऊ दे' हे उत्तर घेऊ नका. किती तास झोप, सदरा किती वेळ, असं काहीतरी मोजता येणारं वहीत लिहा. सहा आठवड्यांत ते जमलं नाही तर औषध उतरवून बंद करायचं, तेही आधीच ठरवा.

---

वानवडीचा_वाटसरू

मी ६८. माझी नागीण डाव्या बाजूची, पोटावर. मी स्वतः ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच चौदा महिने लावला, म्हणून लिहितो.

ताई, बाबांना सांगा, नशा वगैरे काही होत नाही. पहिले पाच दिवस मळमळ होती, भात-ताकावर काढले. डोकं जरा जड. मग ते गेलं. दुखणं होतंच, पण ते माझ्या अंगावर बसलेलं होतं ते उठून समोरच्या खुर्चीत जाऊन बसलं, असं मी डॉक्टरांना सांगितलं होतं. दिसत होतं, पण त्याच्याकडे पाठ करून जेवता येत होतं.

रविवार हा माझा पॅच बदलायचा वार. एकदा डिसेंबरात थंडीने खांदा आखडला म्हणून मी गरम पिशवी घेतली, नेमकी पॅचवर. अर्ध्या तासात इतकी गुंगी आली की बायकोने पिशवी फेकून दिली आणि मला बसतं ठेवून रिक्षा बोलावली. डॉक्टरसाहेब म्हणतात ते शब्दशः खरं आहे.

सुटायला मला अडीच महिने लागले. १० वरून ५, मग बंद. शेवटचा आठवडा वाईट गेला, झोप नाही, पाय वळवळायचे. पण गेला. आता फक्त रात्री गॅबापेंटिन ३००.

आणि तुमच्या आईचं वय काय? नागिणीची लस २०२३ पासून आपल्याकडे मिळते, पन्नाशीनंतरच्यांसाठी, दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. माझ्या बायकोला दिली. आधी झालेलं दुखणं तिने जात नाही, पण आईंना तरी हे नको.

---

अंगणातला_पारिजात (सात आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार मानायचे राहिले होते, आणि काय झालं तेही सांगायचं होतं.

शनिवारी पिशवी टेबलावर ओतली. डॉक्टरांनी त्यातल्या दोन गोष्टी लगेच बाजूला काढल्या, एक होती आत्याने दिलेली झोपेची गोळी, जी बाबा कधीमधी घेत होते आणि आम्हाला माहीतच नव्हतं. पहिल्या पायरीचा प्रश्न विचारला. डॉक्टर म्हणाले, बरोबर विचारलंत, आणि प्रीगॅबालिन २५ ने पुन्हा सुरू केलं. तीन आठवडे तेच. गरगरलं नाही, पण दुखणं आठाचं सातच झालं आणि ५० वर नेल्यावर बाबा परत भिंत धरायला लागले. मग २५ वरच ठेवून ५ चा पॅच लावला. पहिल्या तीन रात्री मी त्यांच्या खोलीत खाली गादी टाकून झोपले, श्वास मोजत.

बाबांनी वहीत दोन ओळी लिहिल्या होत्या, कारखान्यातल्या त्यांच्या सुबक अक्षरात: 'सलग ४ तास झोप. सदरा घालून नातवासोबत २ तास.' पॅचला आज एकवीस दिवस झाले. झोप सलग पाच तासांवर आली. सदरा परवा पहिल्यांदा दोन तास राहिला, सुलट. दुखणं ते पाच सांगतात. सोनामुखी रोज रात्री, एक दिवस विसरलो तर तीन दिवस पोट गच्च झालं, परत विसरणार नाही. पर्वती अजून नाही, पण संध्याकाळी पायथ्याशी जाऊन बसतात.

भाऊ मागच्या रविवारी येऊन गेला. भूलशास्त्र काकांचा प्रतिसाद मी त्याला वाचायला दिला. त्याने तो मोठ्याने बाबांना वाचून दाखवला. त्यावर दोघं काही बोलले नाहीत, पण जाताना नवा पॅच त्याने स्वतः लावून दिला. आईच्या लसीची चौकशी केलीय.

एक शंका आहे. पॅच काढला की दंडावर चौकोनी लाल डाग राहतो, खाजतो. काळजीचं आहे का?

---

भूलशास्त्र_निवृत्त

बरं वाटलं वाचून. फिकट लाली दोन-तीन दिवसांत जाते. दर वेळी जागा बदला. दंड, छातीचा वरचा भाग, पाठीचा वरचा भाग असं फिरवत राहा, आणि एकदा वापरलेली जागा तीन आठवडे तरी पुन्हा नको. फोड असलेल्या बाजूच्या हळव्या कातडीवर लावू नका. लावण्याआधी नुसत्या पाण्याने पुसून कोरडं करा, साबण, तेल, पावडर नको. केस असतील तर कात्रीने कापा, वस्तरा फिरवू नका. फोड आले किंवा डागाबाहेर लाली पसरली तर मात्र दाखवा. काढलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून नातवाच्या हाती लागणार नाही असा टाका, त्यात अजून औषध असतं.